पोलिक्सेनीचे दंड

आमच्या व्होलोसमध्ये, ग्रीसच्या या बंदरात, माणसाची पत त्याने उन्हाळ्यात किती वेळा समुद्रस्नान केलं यावर ठरते. मे महिन्याच्या एकवीस तारखेला पहिलं, आणि मग ऑक्टोबर संपेपर्यंत रोज एक, मोजून. भाजीवाल्याकडे कोणी भेटलं की आधी ‘आज कितवं?’ विचारायचं, मग तब्येत. पन्नास झाली की हिवाळ्यात सर्दी होत नाही आणि साठ झाली की गुडघे धरत नाहीत, असं आर्गिरो सांगते. आर्गिरोने चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. दुकान होतं तोवर हे तिने कोणाला सांगितलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही चौघी. सकाळी साडेसातला गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर गॉगल. पोहत कोणीच नाही. पोहायला वेळ कोणाला आहे? गावाचा कारभार बघायचा असतो. कोणाची सून माहेरी गेली, कोणत्या नगरसेवकाने कोणती गल्ली खणून ठेवली, सगळ्याचा निकाल तासाभरात लागतो आणि बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या की सभा संपते. एकोणतीस वर्षांत पोलिक्सेनीने एकही उन्हाळा चुकवला नव्हता. गेल्या वर्षी ती बाह्यांचा सदरा घालूनच पाण्यात उतरायची. या वर्षी मात्र जुलैची दहा तारीख उजाडली, माझी एक्कावन्न झाली, आणि तिचं शून्य.

म्हणजे ती यायची. लांब बाह्यांचा सदरा घालून किनाऱ्यावर झाडाखाली खुर्ची टाकायची, घामाने लाल व्हायची, आणि विचारलं की म्हणायची, “मला आज जरा गारठल्यासारखं वाटतंय.” जुलैमध्ये. व्होलोसमध्ये. आम्ही तिघीही ‘हो का, हो का’ म्हणायचो, कारण आम्ही फार सभ्य बायका आहोत.

खरं कारण शेंबड्या पोरालाही दिसत होतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला साखरेची भीती घातली आणि ही बाई अडतीस किलो उतरली. अडतीस किलो! एक सहावीतली मुलगी दप्तरासकट गेली म्हणा ना. गावाने तोंडभर कौतुक केलं आणि मागे ‘हिला काही झालंय की काय’ अशी चौकशीही केली. किलो गेले, पण कातडी मागे राहिली. पोट झाकता येतं, मांड्या झाकता येतात. दंडाखाली मात्र वीतभर कातडी लोंबत राहिली. पोलिक्सेनीने हात वर केला की आधी हात वर जायचा आणि मग जराशाने बाकीचं.

त्या दिवशी तिने खुर्चीतूनच आवाज दिला, “ऐका गं. मी दंडांचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणतेय.”

पाण्यातल्या तीन टोप्या एकदम वळल्या.

“कापून टाकणार?” दिओनिसियाबाईंनी विचारलं. त्या ब्याऐंशीच्या, आमच्यात वडील.

“जादाची कातडी काढतात आणि शिवतात.”

“कोंबडीत सारण भरून शिवतात तसं?”

“तसंच. फक्त सारण काढून.”

“अगं, पण सिगरेट?” आर्गिरो म्हणाली. “सिगरेट ओढणाऱ्याची जखम लवकर भरत नाही. भूलही झेपायला हवी.”

“फेब्रुवारीत सोडली. तुझ्या लक्षातच नाही आलं.”

“आणि वजन परत वाढलं तर? कापलेलं सगळं फुकट.”

“दीड वर्ष एक किलो इकडचा तिकडे नाही.”

मी तोवर गप्प होते. याची तिघींनीही नोंद घेतली असणार. मग मी सुरू झाले, आणि एकदा मी सुरू झाले की मला थांबवणारा अजून जन्माला यायचाय. मी म्हटलं, “कर की. बगलेपासून कोपरापर्यंत लांबलचक व्रण येईल. आत्ता लोक म्हणतात ‘लोंबतंय’, मग म्हणतील ‘शिवलंय’. पुढच्या वर्षी कान उचलून घे, त्याच्या पुढच्या वर्षी गुडघे. सत्तरी गाठेपर्यंत तुझं मूळचं असं फक्त आडनाव उरेल.”

दिओनिसियाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या नाकात पाणी गेलं. पोलिक्सेनी हसली नाही. तिने खुर्ची घडी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “थेआनो, गुरुवारी लारिसाच्या डॉक्टरांकडे जायचंय. तू चल माझ्याबरोबर. तुला सगळ्यातली खोट काढता येते, तिथे कामाला येईल.”

आता लारिसा म्हणजे काय, ते सांगायला नको. चहूकडे सपाट रान, समुद्राचा थेंब नाही, उन्हाळ्यात चूल पेटवायची गरज नाही. त्या गावच्या माणसाला अंगाचं काय कळणार, असं म्हणत मी बसमध्ये चढले. भामटा बघायला मिळेल म्हणून मी खूश होते. पांढरे दात, भिंतीवर नट्यांचे फोटो, आधीचे-नंतरचे दंड, आणि ‘बाई, तुम्ही वीस वर्षांनी तरुण दिसाल.’ उत्तरंसुद्धा मी बसमध्येच तयार करून ठेवली होती.

डॉक्टर सारांतिस निघाले सरळ माणूस. माझी इतकी निराशा क्वचितच झाली असेल. शर्टाची कॉलर विरलेली, टेबलावर अर्धं खाल्लेलं चीज भरलेलं कडबोळं. त्यांनी तिचे दंड चिमटीत धरून पाहिले, आणि जे जे मी भीती घालायला सांगणार होते ते सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. व्रण राहणार. वर्ष-दीड वर्षाने फिका होईल, पण जाणार नाही. काही जणींना बोटांपर्यंत मुंग्या येतात, क्वचित पाणी साठतं, टाका सुटतो. दोन-तीन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, केससुद्धा दुसऱ्याने विंचरायचे.

“आणि समुद्र?” मी विचारलं.

“दीड महिना तरी नाही. आणि वर्षभर व्रणाला ऊन लागू द्यायचं नाही. त्यात काय एवढं?”

‘त्यात काय एवढं!’ लारिसाचाच तो.

मग त्यांनी लेखणी खाली ठेवली. “बाई, एक विचारतो. हे कोणासाठी करताय?”

“स्वतःसाठी,” पोलिक्सेनी म्हणाली.

“सगळ्या असंच म्हणतात. हा विचार पहिल्यांदा कधी आला?”

“दोन वर्षांपूर्वी. पंधरा ऑगस्टला.”

“तारीख लक्षात आहे?”

“मरियामातेचा सण होता. वर डोंगरातल्या गावात जत्रा होती. मी आयुष्यात पहिल्यांदा बिनबाह्यांचा झगा घातला होता. पिवळा. नाचाच्या फेरात मला पुढे उभं केलं. पुढच्या बाईने हातात रुमाल घेऊन हात वर धरायचा असतो. मी धरला. तेवढ्यात एका बाईने मोठ्याने म्हटलं, ‘अरे, खिडकी लावा कोणीतरी, पडदे उडतायत!’ साठ-सत्तर माणसं होती. वादकसुद्धा हसले. मीही हसले.”

“आणि मग?”

“मग हात खाली घेतला.”

डॉक्टरांनी विचारलं, “कोण होती ही बाई?”

“मैत्रीण आहे माझी,” पोलिक्सेनी म्हणाली. “मनाने वाईट नाही.”

ती बाई मी. समोरच्या भिंतीवर डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं, ते मी खालच्या शिक्क्यासकट वाचून काढलं. तो विनोद मी विसरलेही नव्हते, हे सगळ्यात वाईट. पुढे दोन-तीन ठिकाणी मी तो पुन्हा सांगितला होता, आणि दर वेळी चांगला जमला होता.

“दुसऱ्याच्या बोलण्यासाठी मी कोणाला कापत नाही,” डॉक्टर म्हणाले. “घरी जा. ती बाई जगात नाही असं समजून विचार करा. मग फोन करा.”

ती बाई जगातच नव्हे, शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

बसमध्ये मी सगळा वेळ खिडकीबाहेरचं सपाट रान बघत बसले. व्होलोसला उतरल्यावर ती सवयीने धक्क्यावरच्या खानावळीकडे वळली. आमच्याकडे त्सिपुरोची, म्हणजे द्राक्षांच्या कडक दारूची, छोटी बाटली मागवली की सोबत काहीबाही खायला येतंच, न मागता. भाजलेल्या ऑक्टोपसची बशी आली, ती तिने आपल्याकडे ओढली. मी दोन घोट घेतले आणि सुरुवात केली. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे मी ती वाईटच मागितली. म्हटलं, मी दुष्ट आहे, माझी जीभ कापायला हवी, तुझे दंड नव्हे. मी तुझा उन्हाळा नासवला, दोन उन्हाळे नासवले. माझ्यामुळे तू सुरीखाली जाऊ नकोस, मी कोणाला तोंड दाखवू? बोलता बोलता मला रडूही यायला लागलं, आणि ते मला बरंच शोभून दिसत असावं असंही वाटलं.

पोलिक्सेनीने ऑक्टोपस चावून संपवला. “झालं?”

“झालं.”

“किती गं मोठी समजतेस तू स्वतःला? चाळीस वर्षं तुझं ऐकतेय. माझ्या नाकाला बोललीस, नवऱ्याला बोललीस, लग्नातल्या केकला बोललीस. तुझ्या एकेका शब्दापायी कापून घ्यायचं म्हटलं असतं तर आत्ता समोर नुसती खुर्ची असती.”

“मग?”

“मग काय! दंड आणि कुशीच्या मध्ये घाम साठतो. मे ते सप्टेंबर तिथे कातडी सोलते, रक्त येतं. रात्री कुशीवर झोपले की ती अंगाखाली सापडते. झगा घ्यायला जावं तर अंगाला बसतो तो बाहीत अडकतो, बाहीला बसतो त्यात दुसरी पोलिक्सेनी मावते. हे कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की तू त्याच्यावरही काहीतरी म्हणणार.”

मी तिचा ग्लास भरला.

“पण लागलं होतं,” ती म्हणाली. “पडद्यांचं. फार लागलं होतं. अडतीस किलो, थेआनो. मला वाटलं होतं तू सगळ्यांत आधी टाळी देशील.”

त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला होता, एवढं खरं. मी तशीच जाडी राहिले होते आणि ती पिवळ्या झग्यात पुढे उभी होती. हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “माहीत होतं,” आणि दुसरी बाटली मागवली.

तीन आठवडे ती विचार करत होती. मग डॉक्टरांना फोन करून तिने नोव्हेंबरच्या पाच तारखेचा दिवस घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला किनाऱ्यावर येऊन सदरा काढला. आत काळा, बिनबाह्यांचा पोहण्याचा पोशाख. आम्ही तिघी बघतच राहिलो. वाळूवरून ती सावकाश चालत आली, घाई नाही, टॉवेल नाही. बाजूला बल्गेरियातल्या सोफियाहून आलेली कोणी पाहुणी मंडळी होती, ती बघायला लागली.

“बघा, बघा,” पोलिक्सेनी त्यांना म्हणाली. “नोव्हेंबरपर्यंतच आहेत.”

लोंबते दंड जाणारच आहेत म्हटल्यावर तिला त्यांची लाजच वाटेना. ऑगस्टच्या सणाला ती नाचली. सप्टेंबरमध्ये ती बाजारातही उघड्या दंडांनी हिंडली. ऑक्टोबर संपला तेव्हा तिची एकोणऐंशी स्नानं झाली होती. आता दिओनिसियाबाईंची खात्रीच झाली की बाईचं मन फिरलं. “पोरी, आता कशाला कापतेस? आता तर छान चाललंय!” मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगते, मला ते हवंच होतं. तिने ते दंड तसेच ठेवले असते तर माझं पाप आपोआप फिटलं असतं, तेही फुकटात.

“सोलतं ना अजून,” पोलिक्सेनी म्हणाली. “तुम्ही बघता त्याचं मला काही नाही आता. मला माझं नीट झोपायचंय.”

पाच तारखेला तिचं ऑपरेशन झालं. लेक परदेशात, म्हणून तिच्या घरी राहायला मी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. दहा दिवस मी तिला कपडे घातले, भात भरवला, केस विंचरले, आणि दहा दिवस तिने माझ्या विंचरण्याला नावं ठेवली. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी चढवलेल्या घट्ट बाह्या उतरवून पट्ट्या बदलायच्या होत्या. तिने खिडकीकडे तोंड केलं आणि कोपर जेमतेम बाजूला धरलं.

बगलेपासून कोपरापर्यंत लालभडक रेघ होती, जागोजाग गाठ आलेली. दंड मात्र सडसडीत. सुजलेला, पिवळाजांभळा, आणि तिचा.

“बोल,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“जे सुचलंय ते. तुला सुचल्याशिवाय राहिलं असेल होय? सगळ्यांत वाईट असेल ते आत्ता बोल, इथे, दोघीच आहोत तोवर. तुझं ऐकून झालं की मेमध्ये किनाऱ्यावर कोणी काही म्हटलं तर मला काय फरक पडतो?”

सुचलं होतं. चार-पाच तरी विनोद सुचले होते, त्यातले दोन तर फारच चांगले होते. मी तोंड उघडलं. एकही बाहेर येईना. मी तिच्या उघड्या दंडावर वाकूनच रडायला लागले. हे रडणं मला मुळीच शोभत नसणार.

“ए, बाजूला हो,” पोलिक्सेनी म्हणाली. “टाके ओले करायचे नाहीत असं सांगितलंय.”