अपाकुकीचा निळा उजेड

रविवारी दातांवर चमत्कार करणारा अपाकुकी आला की आमच्या गावच्या सभाघरात मुंगी शिरायला जागा उरत नसे. आजूबाजूच्या बेटांवरून बोटी भरभरून किडके दात यायचे.

"डोळे मिटा. हा स्वर्गीय उजेड पापी डोळ्यांना सोसत नाही," असं म्हणून तो तुटक्या दातावर पांढरा लगदा चोपडायचा आणि निळा दिवा धरायचा. लगद्याचा दगड व्हायचा. आठवड्यात तो पडला, की म्हणे श्रद्धा कमी पडली. मोठा सोयीचा देव.

कोणी ब्र काढत नसे. लबाडाने आल्याआल्या गावच्या प्रमुखांपुढे देवमाशाचा दात ठेवून मागणं मागितलं होतं, 'माझ्या कामात कोणी आडवं येऊ नये.' तो दात स्वीकारला की आमच्यात मागणं मोडत नाहीत.

माझी भाची केलेरा. तिच्या पुढच्या दातावर त्याने किडीवरच लगदा थापला. हिरडी सुजली. मी तिला बोटीने दवाखान्यात नेलं.

"दात अजून वाचेल," डॉक्टर लीतिया म्हणाली. "आणखी एक चमत्कार झाला तर मात्र काढावा लागेल."

पण माझी बहीण हटून बसली. "पोरीची श्रद्धाच कमी. रविवारी पुन्हा लावून घेऊ."

माझं डोकं फिरलं. मी लीतियालाच गावात आणलं. तिने आपल्या आजोबांचा देवमाशाचा दात प्रमुखांपुढे ठेवला आणि अपाकुकीशेजारी बसून काम करायची परवानगी मागितली. प्रमुखांनी तो दात उचलून घेतला.

"माझ्या कामात आडवं यायचं नाही," अपाकुकी गुरगुरला.

"आडवी कुठे? शेजारी बसतेय."

मेजवानीसाठी कापलेल्या डुकराचा जबडा आणला. एका दातावर त्याने लगदा लावला, दुसऱ्यावर तिने, पण आधी आम्ल आणि गोंद लावून. मग त्याचाच लगदा तिने केळीच्या पानावर ठेवून दिवा धरला. तोही दगड झाला.

"पानाने कुठली प्रार्थना केली?" तिने विचारलं.

प्रमुखांनी जबड्यावरच्या दोन्ही दगडांना अंगठ्याने रेटा दिला. अपाकुकीचा दगड टुणकन उडाला. तिचा हलेना.

"दाताचं वरचं कवच आम्लाने खरवडलं की न दिसणारे खड्डे पडतात," लीतिया म्हणाली. "पातळ गोंद त्यांत शिरतो आणि उजेडाने घट्ट होऊन रुतून बसतो. आतला थर ओलसर, बारीक नळ्यांचा. तो फार सुकवला तर गोंद आत शिरत नाही, फार ओला ठेवला तर धरत नाही. हा लाळेवरच लगदा थापतो. आणि उजेड डोळ्यांना बाधतो म्हणून मी केशरी चष्मा घालते, पापाचा काय संबंध?"

प्रमुखांनी अपाकुकीचा देवमाशाचा दात त्याच्यासमोर परत ठेवला. दात परत, म्हणजे मागणंही परत. बहिणीने केलेराचा हात धरला.

"दादा, उद्याची बोट किती वाजता?"

डोळे मिटायला सांगणाऱ्यापुढे डोळे उघडे ठेवा, बाबांनो. लागलाच तर चष्मा घाला.