आले सगळे

"गाद्या आडव्या नका ठेवू, भाऊजी! दर वर्षी तेच सांगायचं का मी? उभ्या करा, भिंतीला टेकवून. नाहीतर पुढच्या सीझनला बुरशीवर झोपवाल पाहुण्यांना."

"पुढच्या सीझनचं पुढच्या सीझनला बघू, वहिनी," भाऊजी म्हणाले. गादी मात्र निमूटपणे उभी केली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शहरात नोकरी करतात आणि सीझनच्या शेवटच्या आठवड्यात मदतीला येतात. मदत म्हणजे काय, तर मी ओरडायचं आणि त्यांनी हसायचं. शेवटचे पाहुणे दुपारीच गेले होते. चार नंबरच्या बाईंनी जाताना माझा हात धरून "पुढच्या वर्षी नक्की" म्हटलं. सगळेच म्हणतात. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि एकदम सगळं सामसूम झालं. पाच महिने पाय ठेवायला जागा नसते आणि नंतर सात महिने चिटपाखरू नाही. पाटीवर रिसॉर्ट असं लिहिलंय खरं, पण तळ्याकाठच्या चौदा खोल्या, एक लांब व्हरांडा आणि नऊ होड्या, एवढाच आमचा पसारा. सीझनमध्ये मी पाहुण्यांवर वैतागते आणि सीझन संपला की भिंतींवर.

या वर्षी भिंतीच उरणार होत्या. उद्या सकाळी भाऊजी बाबांना शहरात घेऊन जाणार होते, कायमचे.

बाबा म्हणजे माझे सासरे. चौऱ्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, मग नावं, मग वर्षंच्या वर्षं. सूपमध्ये साखर घालायचे आणि वर "बरं झालंय आज" म्हणायचे. गेल्या महिन्यात पहाटे अनवाणी धक्क्यावर जाऊन उभे राहिलेले मला सापडले. हिवाळ्यात इथला रस्ता बंद होतो, डॉक्टर नाही, आणि माझे गुडघे हे असे. त्यांनी जाणंच बरं, हे मीच भाऊजींना फोन करून सांगितलं होतं. तोंडानं सांगितलं. मनातून मला ते हवेच होते इथे, कारण त्यांच्याकडून मला एक वाक्य ऐकायचं होतं. अकरा वर्षं वाट बघितली त्या वाक्याची. आता एक संध्याकाळ उरली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी एक फळी आहे. फळीवर खिळे, खिळ्यांना पत्र्याचे गोल बिल्ले आणि बिल्ल्यांवर आकडे. पाहुण्यानं होडी नेली की तो बिल्ला गळ्यात घालून न्यायचा आणि परत आला की खिळ्याला लावायचा. इथे संध्याकाळी धुकं असं उतरतं की हातभर अंतरावरचा किनारा दिसेनासा होतो. म्हणून दिवस कलला की बाबा व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून पितळी भोंगा वाजवायचे. आवाजाच्या रोखानं होड्या परत यायच्या. नववा बिल्ला लागला की मी खिडकीतून ओरडायचे, "आले सगळे!" मग भोंगा खुंटीला आणि मग पहिलं ताट. त्याआधी कुणाच्या ताटात घास पडायचा नाही, पाहुणा असो की घरचा. सासूबाईंपासूनची शिस्त ती.

घरची एक वेगळी होडी होती. तिला बिल्ला नव्हता. घरच्या माणसाला कसला आलाय बिल्ला? ज्यांचं अख्खं आयुष्य या पाण्यावर गेलं ते काय हरवणार आहेत?

पोहायची हद्द कळावी म्हणून आम्ही तळ्यात लाल डबे सोडतो, दोरीनं दगडाला बांधून. सीझन संपला की ते काढायचे, पण ते काम नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळचं. अकरा वर्षांपूर्वी शेवटच्या दिवशी आमच्या ह्यांच्या मनात काय आलं देव जाणे, संध्याकाळीच घरची होडी घेऊन निघाले. कुणालाही न सांगता गेले, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी फळीकडे बघितलं. नऊच्या नऊ बिल्ले जागेवर. शेवटचा दिवस, अंग मोडून आलेलं, कधी एकदा जेवण उरकतंय असं झालेलं. मी ओरडले, "आले सगळे!" बाबांनी भोंगा खुंटीला लावला. आम्ही जेवायला बसलो.

ह्यांचं ताट मी झाकून ठेवलं. म्हटलं, बसले असतील पाण्याच्या पंपाशी खुडबुडत. पंप दिसला की ह्यांना तहानभूक नसायची. मी वाढता वाढता त्यावर एक टोमणाही मारला आणि सगळे हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

घरची होडी जागेवर नाही हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सापडले, पलीकडच्या खडकांपाशी. धुक्यात दिशा चुकून उलटेच वल्हवत गेले होते. भोंगा वाजत राहिला असता तर परत आले असते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी बाबांनी सगळ्यांसमोर विचारलंच, "फळीवर कोण होतं?"

एवढंच. ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. पुन्हा तो विषयही कधी काढला नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं मी दहावा खिळा ठोकला आणि घरच्या होडीला बिल्ला केला. "आले सगळे" म्हणायचं मात्र सोडून दिलं. त्या दिवसापासून मी खिडकीतून फक्त "दहा" म्हणते. बाबांनी कधी विचारलं नाही की असं का. मान हलवायचे आणि भोंगा खुंटीला लावायचे. मी त्यांची पथ्यं सांभाळली, नखं कापली, त्यांच्या शर्टांना बटणं लावली. लोक म्हणायचे, अशी सून शोधून सापडायची नाही. लोकांना काय माहीत! मला हावरटासारखं एकच हवं होतं. एक दिवस त्यांनी म्हणावं, सूनबाई, तुझी चूक नव्हती. खोटं का होईना, पण म्हणावं.

दुपारी त्यांची बॅग भरताना मी विषय काढला होता. जवळ बसले आणि म्हटलं, "बाबा, उद्या तुम्ही जाणार. मला काही सांगायचंय का तुम्हाला?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. मी हातातला शर्ट खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "मोजे दोन जोड जास्त घाल."

घातले. काय करणार?

दिवस कलला. भाऊजींनी शेवटची होडी पालथी घातली, वल्ही जोडीजोडीनं बांधली आणि सगळे बिल्ले फळीवर लावले. तळ्यावर धुकं उतरलं होतं. मी सूप गरम करायला ठेवलं आणि बाबांना आत आणायला व्हरांड्यात गेले. ते त्यांच्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून उभे होते. हातात भोंगा. होड्या शेडमध्ये, तळं रिकामं, आणि हे आपले वाजवतायत. दम पुरत नव्हता. आवाज कमी आणि हवाच जास्त निघत होती.

"चला बाबा, थंडी वाढलीय."

"थोरला यायचाय अजून."

मी जागीच थांबले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडी ह्यांचा उल्लेख आला होता.

"कुठे गेलेत?" मी कसंबसं विचारलं.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. ती नजर माझ्यासाठी नव्हतीच. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या सासूबाईंकडे ते असं बघायचे, जरा दबून.

"अगं, रागावू नकोस," ते हळूच म्हणाले. "डबे काढायला गेलाय. मला सांगून गेला. मी कोचावर पडलो होतो. म्हणाला, बाबा, घरची होडी नेतोय, तेवढं खिडकीत सांगा. मी हो म्हटलं. आणि डोळा लागला गं माझा. भोंग्याच्या वेळेला दचकून उठलो तो डोक्यातून साफ गेलं."

मी खांब धरला.

"मग आठवलं कधी?"

"जेवण झाल्यावर." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "सुनेला सांगू नकोस हं. तोंडाची फटकळ आहे, पण फार मनाला लावून घेते. मी सांगेन तिला सावकाश. सांगेन मी."

मी आत आले. सूप उतू चाललं होतं, ते तसंच उतू जाऊ दिलं. खोटं कशाला सांगू? माझ्या मनात आलं, या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं. अकरा वर्षं! फळीवर कोण होतं म्हणे! स्वतः कोचावर घोरत पडला होता आणि सगळ्यांसमोर मला विचारत होता, फळीवर कोण होतं! मी याची नखं कापली. रोज संध्याकाळी याच्यासमोर आकडे मोजले, चोरानं हजेरी द्यावी तशी. आणि हा मान हलवायचा. सगळं माहीत असून मान हलवायचा.

मी तणतणत परत बाहेर गेले.

"तो नाही आला," मी म्हटलं. "यायचाही नाही. ऐकलंत? कधीच यायचा नाही!"

मला वाटलं होतं, रडतील, कोसळतील. मला ते बघायचंच होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली, अगदी रोजच्यासारखी.

"मग वाजवायला हवा," ते म्हणाले, आणि भोंगा पुन्हा तोंडाला लावला.

मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. गालांचे खळगे आत जात होते, मानेच्या शिरा ताणलेल्या, बोटं निळी पडलेली. एकदा वाजवायचे, कान देऊन ऐकायचे, पुन्हा वाजवायचे. तेवढ्यात भाऊजी आले. त्यांनी शाल पांघरली, समजूत घातली, शेवटी भोंगा काढून घ्यायला गेले, तर बाबांनी तो छातीशी घट्ट धरला.

"अहो बाबा, कुणी नाहीये पाण्यावर! कशाला उभे आहात?"

"खिडकीतून सांगितल्याशिवाय आत कसा येऊ रे?" बाबा म्हणाले. आता मात्र रडत होते. "सूनबाई सांगेल ना. ती सांगेपर्यंत वाजवायचा."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, काहीतरी करा. न्यूमोनिया होईल त्यांना."

माझा राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही, उगाच मोठेपणा का मिरवू? पण ते वाजवतच होते. आणि मला हेही कळत होतं की हा माणूस आजच नाही, रोज वाजवत होता. मी आत बिल्ले मोजत होते आणि हा बाहेर वाजवत होता, आणि दोघंही एकाच माणसाची वाट बघत होतो.

मी स्वयंपाकघरात गेले. खिडकी उघडली. धुकं आत आलं. फळीवर दहाच्या दहा बिल्ले होते. पदरानं तोंड पुसलं, घसा खाकरला आणि ओरडले.

"आले सगळे!"

भोंगा थांबला.

"थोरला?" बाहेरून आवाज आला.

"हो, बाबा. तेही आले."

खुंटीला भोंगा लावल्याचा खट्ट आवाज झाला. मग काठीचा आवाज. बाबा स्वतःच चालत आत आले, हात धुतले, खुर्ची ओढून बसले. मी पहिलं ताट त्यांना वाढलं. त्यांनी पटापट चार घास खाल्ले, बऱ्याच दिवसांत खाल्ले नव्हते तसे.

भाऊजी हळूच म्हणाले, "बाबा, आम्ही मघापासून घसा फोडून सांगत होतो, ते नाही पटलं?"

"तुमचं काय घेऊन बसलास?" बाबा म्हणाले. मी त्यांच्या मागेच उभी होते, हातात पळी घेऊन, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "सूनबाईनं सांगितलं म्हणजे झालं. इतकी वर्षं फळीवर आहे, एकदाही चुकली नाही ती."

मी पुढे होऊन बाबांना अजून एक पळी सूप वाढलं. त्यांनी साखर मागितली. मी डबा पुढे सरकवला.