आधी कडी, मग आंघोळ

"आधी कडी," काकू म्हणाल्या. "मग आंघोळ."

प्लास्टर कापून घरी येऊन अजून अर्धा तासही झाला नव्हता. खुर्चीत बसून त्या आपला उजवा पाय न्याहाळत होत्या. दहा आठवडे कोंडलेला पाय बारीक झाला होता, कातडीचे पापुद्रे सुटत होते, पण काकूंना त्याचं कोण कौतुक. "डाव्याचा धाकटा भाऊ वाटतो की नाही?" असं विचारून त्या स्वतःच हसल्या.

चावीकाकांना पाय बघायला सवड नव्हती. स्वयंपाकघरात दोन शेगड्यांवर पाणी खळखळत होतं. एका पातेल्यात पुदिना आणि गवती चहा, दुसऱ्यात संत्र्याची सुकवलेली साल. गुलाबाच्या पाकळ्या वाटीत वेगळ्या, कारण त्या अगदी शेवटी टाकायच्या हे काकूंनी तीनदा बजावलं होतं. घरभर असा वास सुटला होता की शेजारीण दारातूनच विचारून गेली, "काका, आज काय शिजतंय?"

"आंघोळ," काका म्हणाले आणि पुन्हा आत पळाले. सकाळपासून त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडा बसवून झाला होता, स्टुलाला रबरी बूट चढले होते, फरशी घासून घासून कोरडी केली होती. राहिली होती ती फक्त कडी.

"अगं, आजच्या दिवस राहू दे की. दार नुसतं लोटून घे. मी इथेच आहे."

"तुम्ही इथेच आहात म्हणूनच कडी हवी."

चौतीस वर्षं काका कुलपांचं काम करत होते. अडकलेलं दार एकही ओरखडा न उठवता उघडून द्यायचं, ही त्यांची ख्याती. दहा आठवड्यांपूर्वी काकू कडी लावलेल्या न्हाणीघरात घसरून पडल्या, तेव्हाही दारावर लाथ घालायचं त्यांना सुचलंच नाही. हात सवयीने हत्यारांच्या पेटीकडे गेला. फटीतून पातळ पट्टी घालून त्यांनी कडी उचलली. अकरा मिनिटं लागली. दार जसंच्या तसं राहिलं आणि आत काकू ओल्या फरशीवर, मोडलेला पाय अंगाखाली घेऊन पडलेल्या.

त्याबद्दल काकू एकदाच बोलल्या. दुसऱ्या आठवड्यात काका ओल्या फडक्याने त्यांची पाठ पुसत होते. भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "दार मात्र छान वाचवलंत." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. त्याच दिवशी त्यांनी कडी काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

साबणाचं खूळ त्यानंतरचं. पडल्या पडल्या काकू मासिकं वाचत. एकात घरच्या साबणाने, सुगंधी पाल्याच्या पाण्याने निवांत आंघोळ कशी करावी ते सविस्तर दिलं होतं. काकूंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि जाहीर केलं, "प्लास्टर निघालं की मी अशी आंघोळ करणार. एकटी. एक तास. कुणी हाक मारायची नाही."

काकांनी दुसऱ्याच दिवशी साबणासाठी खोबरेल, एरंडेल आणि कॉस्टिक सोडा आणून हजर केलं. पहिला घाणा फसला, नुसता भुगा झाला. दुसऱ्या वेळी ते हातमोजे आणि चष्मा चढवून तासभर ढवळत राहिले. पलंगावरून काकूंचं चालूच होतं, "पळीची रेघ उठते का? नाही? मग ढवळा." मिश्रण घट्ट होऊन रेघ उठली तेव्हा दोघंही एकदम ओरडली. किल्ल्यांच्या रिकाम्या डब्यात कागद घालून साबण ओतला, वड्या पाडल्या आणि मग सहा आठवडे वाळायची वाट. दर रविवारी काका वड्या उलटायचे, काकू एकेक नाकाशी धरून निकाल द्यायच्या. फडक्याने पाठ पुसताना पूर्वी दोघंही मुकाट असत. आता साबणावरून सुरू झालेलं बोलणं कुठल्या कुठे जाई. एवढं ती दोघं लग्नाच्या पहिल्या वर्षीही बोलली नव्हती.

"बादलीतलं पाणी निवतंय," काकू म्हणाल्या. मग पायावरून हात फिरवत, "तुम्ही माझं सगळं केलंत. धुतलंत, पुसलंत. माझी म्हणून लाज काही शिल्लक राहिली नाही. आता एक तास मला माझी राहू द्या."

काकांनी ड्रॉवर उघडला. कडी होती, तिचे चार लांब स्क्रू होते. त्यांनी लांब स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले आणि कोपऱ्यातले दोन बारके, नखाएवढे स्क्रू उचलले. जुन्या भोकांत ते कसेबसे अडकले. खांद्याच्या एका धक्क्यात कडी निखळून पडली असती. इतकं ढिलं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

"पक्की?" मागून काकूंनी विचारलं.

"पक्की."

साबणाची वडी छातीशी धरून काकू दांड्याच्या आधाराने एकेक पाऊल टाकत आत गेल्या. पाकळ्यांची वाटी त्यांनी स्वतःच घेतली. दार बंद झालं, कडी लागली. थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज आला.

"अहो!"

काकांचे दोन्ही हात दारावर गेले.

"फेस आला हो. हा एवढा फेस."

"आला ना?" काका म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

"आता जा तिथून. तास म्हणजे तास."

"जातो."

ते एक पाऊल मागे सरले आणि खांदा दाराकडे करून उभे राहिले. आत काकू काहीतरी गुणगुणत सावकाश पाणी अंगावर घेत होत्या.