पडद्यावरचं बाळ

सोनोग्राफीच्या खोलीत बाळांची मापं घेणाऱ्या तिला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे. तिला राग नव्हता, उलट अभिमानच होता. आकडा दिसला की हात त्याच्याकडे ओढला जातो, हे तिचं ठाम मत. म्हणून पडद्याच्या आकडे उमटणाऱ्या कोपऱ्यावर ती कागद चिकटवायची, मापं घ्यायची आणि मगच कागदाची कड उचलून बघायची.

आज टेबलावर बत्तिसाव्या आठवड्यातली बाई होती. बाळाच्या पाठीचा कणा खाली उघडा राहिला होता. अशा बाळांचं डोकं मापात लहानच भरतं, म्हणून फूटपट्टीचा भरवसा पोटाच्या घेरावर आणि मांडीच्या हाडावर. वाढ थांबली असेल तर उद्याच बाळ बाहेर काढायचं, असं ठरलं होतं. एवढ्याशा जिवाला पाठीचं ऑपरेशन सोसेल का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मापं झाली. तिने कागदाची कड उचलली. डोकं, पोट, मांडी, तिन्ही आकडे दोन आठवड्यांपूर्वीचेच. मिलिमीटरचाही फरक नाही.

खुंटलेलं बाळसुद्धा इतकं तंतोतंत तेच माप देत नाही. तिने पुन्हा मोजलं. तेच. पडद्यावर काळीज धडधडत होतं, पाय मात्र ढिम्म.

तेवढ्यात हाताखाली धक्का बसला.

“पाय मारतंय,” बाई हसून म्हणाली.

“तुमचा श्वास असेल.” हे पाय हलणार नाहीत, असं सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुन्हा धक्का. पडद्यावर काहीच हललं नाही. आत दुसरंच कोणी आहे की काय, असं तिच्या मनात आलं.

डॉक्टरीणबाई दारातून डोकावल्या. “काय गं, वाढ नाही ना? उद्याचं ऑपरेशन थिएटर धरू?”

ती ‘हो’ म्हणणारच होती. तिसरा धक्का असा बसला की पोटावर टेकवलेला प्रोब हातातून निसटून वायरीवर खाली लोंबकळला. पोटावर काहीच नव्हतं, आणि पडद्यावर काळीज धडधडतच होतं.

तिने अख्खा कागद ओरबाडला. खाली तारीख होती, दोन आठवड्यांपूर्वीची. तुलनेसाठी उघडलेलं मागच्या वेळचं चित्रण तिने बंदच केलं नव्हतं. आकड्यांबरोबर तारीखही स्वतःच झाकली होती.

तिने ते बंद केलं, प्रोब परत पोटावर टेकवला आणि नव्याने मोजलं. पोटाचा घेर वाढला होता, मांडीचं हाडही चार मिलिमीटर वाढलं होतं. गुडघा दुमडला, सरळ झाला.

“थिएटर नको, मॅडम. चूक माझी,” ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

बाई पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ताई, मग मघापासून तुम्ही कोणाला मोजत होता?”