पेल्याखालचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. स्टीलचा आहे, काचेचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी काचेचा असतो तर पुढचं सगळं रामायण घडलंच नसतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली गेली, वरून असा काही दणका बसला की तिला पोट आलं, आणि तो मी. मग फिरत्या चाकावर घासून मला लख्ख केलं. दुकानात आम्हा पेल्यांची चळत लावली होती. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली. तिने एकेकाला उचललं, बोटाने टणकन वाजवलं आणि कान देऊन ऐकलं. माझ्यापाशी थांबून ती म्हणाली, "हा दणकट आहे. हाच द्या." खरं सांगतो, त्या दिवशी मला जरा गर्व झाला.

कडेवरचं ते मूल माझ्यातून दूध प्यायला शिकलं. दुसऱ्या पेल्यात दूध दिलं की ते तोंड फिरवायचं. रागावलं की मलाच भिरकावायचं. माझ्या पोटाला एक पोचा आहे, तो त्याचाच प्रताप. पण माझं खरं काम पाहुण्यांचं. आमच्या घरी आल्यागेल्याला आधी पाणी, मग विचारपूस. टपालवाला असो, विम्याचा एजंट असो, नाही तर भांडायला आलेली शेजारीण असो, माझ्यातलं पाणी प्यायल्याशिवाय कोणी बोलायला सुरुवात करत नसे. शेजारणीचं तर पाणी पिता पिताच अर्धं भांडण ओसरायचं.

मूल मोठं झालं, त्याचं लग्न झालं, आणि बायको-मुलीला घेऊन ते परदेशी गेलं. ती तरुण बाई तोवर आजी झाली होती. मागून तीही निघाली. बॅगेत वजन जास्त होतंय म्हणून तिने दोन साड्या काढून ठेवल्या, पण मला काढलं नाही. माझ्या पोटात मोहरीची पुरचुंडी कोंबली आणि मला घेऊन ती विमानात बसली.

नवं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लाकडी जमीन, पांढऱ्या भिंती, आणि थंडीमुळे सतत बंद असलेल्या खिडक्या. मुलगा एका गोदामात माल लावायचं काम करायचा. सूनबाई नर्स. इथल्या इस्पितळात काम मिळावं म्हणून तिने नव्या भाषेतल्या परीक्षा दिल्या होत्या. दिवसा घर सांभाळून रात्री पुस्तकावर मान टाकून झोपायची बिचारी. शेवटी नोकरी लागली. पाच वर्षांच्या टिकलीला शाळेतून अर्ध्या दिवसाने कोण आणणार, कोण भरवणार? म्हणून आजीला बोलावलं होतं. शाळा समोरच, रस्ता ओलांडायला गणवेशातली बाई. आजीने फक्त खालच्या दारापर्यंत जायचं होतं.

पण आजीचं आणि कोळ्याचं पहिल्याच आठवड्यात बिनसलं.

ती आंघोळीला गेली, तर टबात एक कोळी. आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळं करून गुमान बसणारा चिमुकला कोळी नव्हे, मित्रांनो. हा तपकिरी, केसाळ, पाय पसरले तर बशीएवढा. आणि पळायचा तर असा की बघणाऱ्याने टुणकन उडीच मारावी! आजी तशीच किंचाळत बाहेर आली. त्या दिवसापासून सूनबाई दाराशी पहाऱ्याला उभी राहिल्याशिवाय आजी आंघोळीला जाईना.

"आयुष्यभर मी पालींना शिव्या घातल्या," ती म्हणायची. "इथे भिंतीवर एक पाल नाही. एक जरी असती ना, तिला आरती ओवाळली असती मी."

मुलाने गोदामात विचारून पाहिलं. तिथले लोक हसले. म्हणाले, काही करत नाही तो. थंडी सुरू झाली की नर कोळी जोडीदारीण शोधायला बाहेर पडतात, आणि हिंडत हिंडत घरात शिरतात.

"म्हणजे स्थळं बघायला निघालाय मेला!" आजी म्हणाली. "मग आमच्याकडे कुठली मुलगी दाखवायची ठेवलीय त्याला?"

सगळे हसले, पण आजी हसली नाही. या देशातल्या लोकांना याचं काही वाटत नाही, आपल्यालाच मेलं धाडस नाही, हे तिच्या मनाला लागलं. ती सोफ्यावर मांडी घालून बसायची ती बसायचीच. खाली पाय सोडायची नाही, आणि शाळेच्या वेळेला दारापर्यंत जाऊन आली की पुन्हा सोफा.

सूनबाईची नोकरी सोमवारी सुरू व्हायची होती. रविवारी आजी माझ्यातून पाणी पीत बसली होती आणि टिकली जमिनीवर ठोकळे रचत होती. तेवढ्यात सोफ्याखालून तो निघाला, आणि सरळ टिकलीच्या दिशेने सुटला. आजीने काय केलं माहीत आहे? विचार नाही, आचार नाही, अर्ध्या पाण्यासकट मला धाडकन त्याच्यावर उपडं घातलं! आणि मग किंचाळली.

माझ्या तोंडात तो कसाबसा मावला. ओल्या जमिनीवर पाय आवरून गप्प बसला. घरातले सगळे धावत आले. मुलाने हातात बूट घेतला.

"तू पेला उचल, मी मारतो," तो बायकोला म्हणाला.

"मी नाही उचलणार. तुम्ही उचला, मी मारते."

"आणि निसटला तर?"

"पण तो आत आहे का नक्की?"

इथेच घोडं पेंड खात होतं. मी स्टीलचा. आतलं दिसणार कसं? काचेचं भांडं घरात एकही नव्हतं. आमच्याकडे सगळं स्टीलचं. आजी म्हणे आत आहे. मुलगा म्हणे सोफ्याखाली पळताना दिसला. सूनबाई म्हणे दोन असतील. मला माहीत होतं, पण मला विचारतो कोण? शेवटी मुलाने लोखंडी खलबत्ता आणून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि सगळे मला वळसा घालून वावरू लागले.

संध्याकाळी आजी म्हणाली, "माझं परतीचं तिकीट काढा."

सूनबाई तिच्याजवळ बसली. "आई, तुम्ही गेलात तर मला नोकरी सोडावी लागेल हो. टिकलीला बघायला दुसरं कोणी नाही आपलं इथे."

"कळतंय गं मला. तुझी मेहनत बघितलीय मी." आजीने तिच्या हातावर हात ठेवला. "पण दिवसभर या घरात एकटीने जीव मुठीत धरून बसायचं, तेही या वयात? उद्याचा दिवस काढते. पुढचं बघा बाई तुमचं तुम्ही."

सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाचच धुतलेली भांडी धुवत राहिली. आजीची बॅग भरून दाराशी ठेवली गेली.

मित्रांनो, तो वेळ मला फार जड गेला. ज्याने आल्यागेल्याला पाणी पाजलं, त्याचाच तुरुंग झाला. तो बिचारा आतून माझ्या भिंतीवर चढायचा प्रयत्न करी आणि घसरून पडे. गुळगुळीत अंगाचा मला एरवी अभिमान. तेव्हा मात्र लाज वाटली. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पाहुणा पाहुणा म्हणून ज्याला कोंडलं, तो या घरात आमच्या आधीपासून राहत असणार. पाहुणे तर आम्हीच होतो.

सोमवारी सूनबाई पांढरे बूट घालून कामावर गेली. जाताना तीनदा वळून बघितलं. मुलगाही गेला. दुपारी टिकली शाळेतून आली, जेवली, आणि माझ्यापाशी येऊन पालथी पडली. कान लावून म्हणाली, "आजी, तो आत चालतोय."

"ये इकडे! हात लावू नकोस."

"आजी, त्याने कालपासून काहीच खाल्लं नाही?"

आजी पदराशी चाळा करत बसली.

"त्याची आई त्याला शोधत असेल का?"

"आई कसली शोधतेय. लग्नाचं वय झालंय त्याचं," आजी पुटपुटली. मग तिची नजर माझ्याकडे वळली. "खरंच गं. बायको बघायला निघालेला पोरगा, आणि मी त्याला उपाशी कोंडून ठेवलाय. माझ्या घरात आजवर मांजरसुद्धा उपाशी राहिलं नाही." आणि अगदी हळू म्हणाली, "कोंडून बसणं काय असतं, ते मला विचारा."

आजीने पदर खोचला. सोफ्यावरून खाली उतरली. आयुष्य स्वयंपाकघरात काढलेलं माणूस ते; उपडं भांडं सुलटं करायचं तर आधी त्याला झाकण हवं, एवढं तिला कोणी शिकवायला नको होतं. सूनबाईची भाजी चिरायची नवी कोरी प्लास्टिकची पातळ फळी तिने आणली. खलबत्ता उतरवला. "शहाण्या, पाय आवर हं तुझे," असं त्याला म्हणत तिने फळी माझ्याखाली इंच इंच सरकवली. त्याने पाय आवरले. मग आजीने फळीसकट मला दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं आणि ती म्हणाली, "टिकले, दार उघड. आणि पुढे हो."

आम्ही जिना उतरलो. मागच्या अंगणात खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, एकट्या राहायच्या. जिन्यात भेटल्या की फक्त मान हलवायच्या, म्हणून आजीने त्यांचं नाव "आठ्याबाई" ठेवलं होतं. नवी शेजारीण झाकलेलं भांडं दोन हातांत धरून आली, हे पाहून त्यांना वाटलं, काहीतरी खायलाच आणलंय. चेहरा खुलला. त्या कौतुकाने वाकल्या. आणि नेमकं त्याच वेळी आजीने मला उचललं!

मित्रांनो, काय सांगू! बाईंनी अशी किंकाळी फोडली की दोरीवरची चिमणी उडाली. हातातली चादर टाकून त्या तरातरा बाकावर चढल्या आणि तिथून दोन्ही हात नाचवत त्यांच्या भाषेत कायकाय बोलू लागल्या. कोळी फळीवर क्षणभर बसला, मग सरसर उतरून कुंपणाच्या झुडपात गेला. आजी एकदा त्याच्याकडे बघते, एकदा बाईंकडे. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अगं बाई! म्हणजे तुम्हीसुद्धा घाबरता?"

बाईंना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. त्यांनी जोरजोरात मान हलवली. आणि आजी हसू लागली. या देशात आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. बाकावर उभ्या राहूनच बाईही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टिकली टाळ्या वाजवत होती. आजीने हात देऊन त्यांना खाली उतरवलं.

तो हात बाईंनी सोडलाच नाही. आजीला ओढत त्या आपल्या घरात घेऊन गेल्या, थेट न्हाणीघरापर्यंत, आणि दारातूनच टबाकडे बोट दाखवलं. तिथे त्याचा थोरला भाऊ शोभेल असा एक बसला होता. बाजूला बादली होती. बाईंनी खुणेने सांगितलं की किती दिवस झाले, मी बादलीवरच भागवतेय. आजीने कपाळावर हात मारला. मग माझ्याकडे बघितलं.

"चला," ती म्हणाली.

सूनबाई कामावरून आली तेव्हा घर उघडं, आत कोणी नाही. बॅग दाराशी तशीच, खलबत्ता भलतीकडेच, आणि मी जागेवर नाही. तिची पाचावर धारण बसली. "आई! टिकले!" करत ती जिना उतरली, आणि खालच्या दारामागून टिकलीचं हसणं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. दार उघडलं तर टेबलाशी आजी आणि बाई समोरासमोर. बाई त्यांच्या भाषेत बोलत होत्या, आजी आपल्या मराठीत उत्तर देत होती, आणि दोघींचं छान चाललं होतं.

सूनबाई दारातच उभी राहिली. काही विचारायचा तिला धीर होईना.

आजीनेच वर बघितलं. "आलीस? दमली असशील. उद्या किती वाजता जायचंय तुला?"

सूनबाईने ओंजळीत तोंड लपवलं आणि रडली. आजी उठली. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वेडी कुठली! रडायला काय झालं? चल वर, बॅगेतले कपडे लावायला मदत कर मला. आणि हो, तुझी फळी गेली गं कामातून. नवीन घे."

आता माझ्यातून कोणी पाणी पीत नाही. आजीने मला घासलं तर लख्ख, पण फळीसोबत वेगळं खिडकीत ठेवलं. पहिले काही दिवस मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या जिन्यात आता कुठेही किंकाळी ऐकू आली की लोक दुसऱ्या मजल्यावर धावतात, आणि आजी पदर खोचून मला घेऊन निघते. गेल्या आठवड्यात तर तिसऱ्या मजल्यावरचा एक धिप्पाड पोलीस आम्हाला बोलवायला आला होता!

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. भीती वाटली तर वाटू द्या, तिची लाज बाळगू नका. पण चप्पल उचलण्याआधी समोरच्या जिवाकडे एकदा नीट बघा. आणि तुमच्या जिन्यात, तुमच्या वर्गात कोणी नवं आलं असेल, कोपऱ्यात अंग चोरून बसलं असेल, तर ते घुमं आहे असं ठरवून मोकळे होऊ नका. जा, त्याचं दार वाजवा. हातात काही नसलं तरी चालेल.