पापडावरची सावली

समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. मार्केट यार्डामागच्या त्या वस्तीत पाण्याचा टँकर आला तरी एवढ्या बायका एका वेळी जमत नाहीत. मधोमध चौरंग, चौरंगावर स्टीलचं ताट, ताटात हळद फासलेला ओला पापड, आणि ताटामागे हिरव्या लुगड्यातल्या कौशल्यामाई.

"माणूस खोटं बोलेल, सावली बोलणार नाही!" माई घुमत होत्या. "या गं एकेक. देवीपुढे कसली लाज?"

झालं होतं असं की बुधवारी बचत गटाने गच्चीवर हळदीचे पापड वाळत घातले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर लाल डाग पडले. सगळा माल वाया गेला. गटप्रमुख कांताबाईंनी जागच्या जागी निदान केलं, "कुणीतरी विटाळाची वर आली. तिची सावली पडली." ती कोण, हे शोधायला शनिवारी माईंना पाचारण झालं. शनिवारी दुपारी मी त्याच समाजमंदिरात मुलांचा अभ्यास घेते. त्या दिवशी देवी आल्यामुळे भूमितीला सुट्टी मिळाली होती. मी दाराशी उभी राहून बघत होते.

एकेक जण ताटावर वाकायची, पापडावर तिची सावली पडायची. मागे बसलेला माईंचा सेवेकरी दिगंबर तांब्या पुढे करायचा आणि माई तीर्थ शिंपडायच्या. पापड पिवळाच राहायचा. "निर्मळ!" असं माई म्हणाल्या की ती बाई बोर्डाची परीक्षा पास झाल्यासारखी हसत मागे जायची.

मग गटातल्या रुपालीची मुलगी कल्याणी पुढे आली. बारा वर्षांची, सातवीतली. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न हीच विचारते. ती वाकली. तीर्थ पडलं, आणि पापडावर थेंबाथेंबागणिक लालभडक डाग उमटले.

"अगं बाई गं!" कुणीतरी किंचाळलं. चार जणींनी हात जोडले. कल्याणीच्या शेजारच्या मुली अशा मागे सरल्या, जणू तिला आग लागली होती. रुपाली मात्र ओरडली नाही. ती फरशीकडे बघत राहिली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

"पोरीला पहिला विटाळ आलाय आणि घरच्यांनी लपवलाय," माईंनी निकाल दिला. "दसऱ्यापर्यंत, सहा-सात महिने, हिची सावली कुणावर पडता कामा नये. शाळा बंद. घरात बाजूला बसवा."

"अहो, पुढच्या महिन्यात तिची वार्षिक परीक्षा आहे," मी म्हटलं.

"देवीची परीक्षा झाली, बाई. त्यात ती नापास झाली."

बायका हसल्या. कांताबाई रुपालीकडे वळून म्हणाल्या, "माई सांगतात तसं करायचं नसंल, तर उद्यापासून गटात येऊ नको. साधी गोष्ट हाय."

दुसऱ्या दिवशी मी रुपालीच्या घरी गेले. रुपाली माझी जुनी विद्यार्थिनी. एका खोलीचं घर, त्यात दोरीवर चादर टाकून केलेला आडोसा. आडोशामागे कल्याणी, तिचं वेगळं ताट, वेगळा पेला.

"बाई, मला कॅन्सर झालाय का?" तिने विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणीच काही सांगत नाही, म्हणून विचारतेय. परवापासून रक्त जातंय. आई नुसती रडते आणि पॅड देते."

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि त्यावर गर्भाशय काढलं. दर महिन्याला आत एक मऊ अस्तर तयार होतं, बाळ राहिलं नाही तर ते रक्ताबरोबर बाहेर पडतं, पोट दुखू शकतं, पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, अंघोळ करायची, शाळेत जायचं, खेळायचं. सगळं सांगायला पंधरा मिनिटं लागली.

"म्हणजे हे सगळ्यांना येतं? कांताबाईंनाही?"

"यायचं."

"आणि माईंना?"

"त्यांनाही आलं असणार."

"मग पापड माझ्याच वेळी लाल का झाला?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण मुलाच्या तोंडचं उत्तर शिक्षकाने हिसकावून घेऊ नये. मी म्हटलं, "सगळ्यांत जवळून तू पाहिलंस. तू सांग."

तिने डोळे मिटले. "आधीच्या तांब्यात तुळशीचं पान तरंगत होतं. माझ्या वेळी पान नव्हतं." मग म्हणाली, "आणि तो लाल रंग रक्तासारखा नव्हता, बाई. शाळेच्या शर्टावर वरण सांडतं, आई साबण लावते, तेव्हा डाग होतो ना, तसा होता."

घरात तिच्या वडिलांची, तंबाखूत मळायच्या चुन्याची डबी होती. आम्ही चिमूटभर चुना पाण्यात कालवला, तो खाली बसू दिला आणि वरचं स्वच्छ पाणी वेगळं काढलं. दिसायला अगदी तीर्थ. हळदीवर टाकताच लाल. कल्याणी तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मग हसता हसता थांबली.

"पण बाई, पाळी मलाच आलीये हे माईंना कसं कळलं?"

रुपाली पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

मंगळवारी माई शांतीचा विधी करायला पुन्हा आल्या. पुन्हा तीच गर्दी. मी पुढे जाऊन हात जोडले. "माई, एक विनंती आहे. दिगंबरचीही सावली बघता का?"

"पुरुषाची कशाला?"

"तीर्थाला तोच हात लावतो. तो निर्मळ आहे हे बायकांना एकदा दिसू दे."

"बघा की माई!" मागून दोघी-तिघी म्हणाल्या. दिगंबर खुशीत येऊन ताटावर वाकला. माईंनी पानाचा तांब्या उचलला, तेवढ्यात चौरंगामागून दिगंबरचाच बिनपानाचा तांब्या घेऊन कल्याणी उभी राहिली. कुणावर सावली पडू नये म्हणून जिला कोंडलं होतं आणि विधीपुरतं तिथे आणून बसवलं होतं, ती.

"हेही तीर्थच ना, माई?" असं म्हणत तिने ओतलंसुद्धा.

पापड लालभडक झाला.

मागून एक आवाज आला, "अगं बाई, दिगंबरला आली!" समाजमंदिर हास्याने दणाणलं. "बस रे बाबा आता चार दिवस बाजूला!" दिगंबरने खरोखरच एकदा दचकून आपल्या पांढऱ्या पायजम्याकडे पाहिलं.

"कोप आहे हा, देवीचा कोप—" माईंनी सुरुवात केली.

"चुन्याचं पाणी आहे," कल्याणी म्हणाली. तिने चुन्याची डबी आणि कपड्यांचा साबण दोन्ही काढून चौरंगावर ठेवले. "हळदीला चुना लागला की लाल होतं. साबण लागला तरी होतं. बघा करून. आणि पापड बुधवारी लाल झाले. मला पाळी शुक्रवारी आली."

एवढं साधं दिवसांचं गणित आम्ही मोठ्यांपैकी कुणीच केलं नव्हतं. मीही नाही.

"कांताबाई," मी विचारलं, "या वेळी पापडखार कसा घातला होता?"

कांताबाई पदराशी चाळा करू लागल्या. "नवीन खार व्हता. घाई व्हती. पाण्यात इरघळवायचा राहिला. तसाच पिठात टाकला."

खारही चुन्याचाच भाऊबंद. हळदीच्या पिठात जिथे जिथे त्याचे कोरडे कण राहिले, तिथे तिथे लाल डाग. त्यात ना कुणाची सावली, ना कुणाचा विटाळ. वाईट याचं वाटलं की हळदीला साबण लागला की लाल होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला रोजच्या धुण्यातून माहीत होतं. मोरीत माहीत होतं, समाजमंदिरात विसरायला झालं.

गोंधळात माई आणि दिगंबर मागच्या दाराने निघून गेले. तांबे इथेच राहिले.

कल्याणीने मात्र आपला प्रश्न सोडला नव्हता. घरी परतताना तिने पुन्हा विचारलं, "त्यांना कळलं कसं?"

"मी सांगितलं," रुपाली म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी गेले होते त्यांच्याकडे. म्हटलं, पोरीला आलीये, तिला काय सांगू, कसं सांगू, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, मी बघते." ती रडली नाही. माझ्याकडे वळली. "बाई, आठवीत तुम्ही आम्हाला पाळीचा तो धडा शिकवलाच नाहीत. वर्गात मुलं आहेत, म्हणालात. घरी वाचून घ्या, म्हणालात. घरी कोण होतं हो सांगायला? माझ्या आईने मला वेगळं ताट दिलं. मी कल्याणीला दिलं."

एकतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. हळद आणि चुन्याचा प्रयोग दर वर्षी न चुकता केला, टाळ्या घेतल्या. आणि तो एक धडा दर वर्षी न चुकता गाळला. माईंचा तांब्या भरला चुन्याने, पण तो त्यांच्या हाती दिला माझ्यासारख्यांनीच.

पुढच्या शनिवारी मी तो धडा समाजमंदिरात शिकवला, मुलांसकट. गटातल्या तेवीस बायकांपैकी सहा आल्या. रुपाली पहिल्या ओळीत होती. कल्याणी परीक्षेला बसली. कांताबाई आता खार पाण्यात विरघळवून घेतात आणि पापड पिवळेधमक निघतात. तरी पाळीच्या चार दिवसांत त्या कुणाला पिठाला हात लावू देत नाहीत.

"आता तर कारण कळलं ना?" मी विचारलं.

"कळलं की, बाई. पण कशाला उगाच?"

माई आता दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीत असतील. तांबे तर बाजारात मिळतातच. चुनाही मिळतो. न मिळणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे एका आईला आपल्या मुलीपुढे तोंड उघडता न येणं, आणि ती माईंना आयती मिळाली. म्हणून सांगते, मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की तिला जवळ बसवा आणि रक्त दिसायच्या आधी सांगा. मुलगा असेल तर त्यालाही सांगा. शब्द सुचले नाहीत तर पुस्तक उघडा, नर्सताईला विचारा, शाळेतल्या बाईंना विचारा, आणि बाई टाळू लागल्या तर त्यांना टाळू देऊ नका.

पंधरा मिनिटं लागतात. रुपालीच्या वर्गाचा तास चाळीस मिनिटांचा होता.