नऊ बटणांची पट्टी आणि झुंबरबाईंचं बोट

माझ्या अंगावर नऊ बटणं होती, पण माझ्या हातून कधी एक अक्षर उमटलं नाही. मित्रांनो, ते कसं, हे ऐकायचं असेल तर जरा जवळ येऊन बसा. मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. लांबीला वीतभर, रुंदीला दोन बोटं. दौंडच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुषमाताईंचा टायपिंगचा क्लास आहे. क्लासच्या पुढच्या खोलीत कीबोर्ड विकायला आणि दुरुस्तीला असतात. त्या खोलीतल्या काचेच्या कपाटावर माझं आयुष्य गेलं.

माझं लाकूड त्या क्लासातल्याच एका बाकाचं. टाइपरायटर गेले, संगणक आले, आणि तो बाक मोडीत निघाला. त्याच वर्षी क्लासातल्या एका मुलीनं परीक्षेसाठी हौसेनं भारी कीबोर्ड आणला होता. दिसायला देखणा, पण बटणं इतकी जड की पंधरा मिनिटांत तिची बोटं भरून यायची. ती नापास झाली. सुषमाताईंच्या मनाला ते लागलं. चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो, मग ज्यावर दिवसभर बोटं आपटायची ते न दाबता का घ्यायचं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी दत्ता मिस्त्रीकडून बाकाची फळी कापून घेतली आणि तिला नऊ चौकोनी भोकं पाडून घेतली. प्रत्येक भोकात एक खटका बसवला.

खटका म्हणजे काय, ते सांगते. चांगल्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक छोटी डबी असते. तिच्यात स्प्रिंग असते. बोटाला जे काही जाणवतं ते त्या डबीमुळे. सुषमाताई तिला स्विच म्हणायच्या. माझ्या पहिल्या बटणाखाली लाल खटका होता, लोण्यात बोट जावं तसा. दुसरा निळा. तो टक् असा वाजायचा. तिसरा तपकिरी. अंधारात पायाला उंबरा लागावा तशी त्याची मध्येच एक बारीक ठेच लागायची, आणि बटण दाबलं गेल्याचं बोटाला कळायचं. चौथा काळा, हट्टी बैलासारखा. बाकीचे पाच यांचेच भाऊबंद. माझ्या बटणांवर अक्षरं नव्हती आणि मला वायरही नव्हती. माझं काम एवढंच, की गिऱ्हाइकानं मला दाबावं आणि विकत दुसऱ्याला घ्यावं.

याचं मला कधी वाईट वाटलं नाही. फार चांगले दिवस होते ते. "आधी दाबा, मग बोला," असं म्हणत सुषमाताई मला पुढे सरकवायच्या. परीक्षेची मुलं यायची. रेल्वेच्या हाफिसातले बाबू यायचे. शिरूरहून बापूसाहेब म्हणून एक म्हातारे अर्ज लिहिणारे आले होते. चाळीस वर्षं टाइपरायटरवर काढलेले. त्यांनी सगळी बटणं दाबली आणि निळ्यावर थांबले. आवाजच आला नाही तर अर्ज लिहिला कसा म्हणायचं, आणि पक्षकाराला तरी काम झाल्यासारखं वाटायला नको का, असं त्यांचं म्हणणं. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ही पट्टी म्हणजे दुकानाची लक्ष्मी आहे, असं सांगून गेले. ती थाप मला अजून आठवते.

मग दिवस पालटले. लोक येऊन मला दाबायचे, माझा फोटो काढायचे आणि कीबोर्ड फोनवरून मागवायचे. चव इथं बघायची आणि जेवायला दुसरीकडे जायचं, असं सुषमाताई हसून म्हणायच्या, पण त्या हसण्यात पहिली मजा उरली नव्हती. पुढे तर लोक चव बघायलाही येईनासे झाले. माझ्या अंगावर धूळ बसू लागली.

अशातच गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर स्वप्नाली आली. ती सुषमाताईंची जुनी विद्यार्थिनी. आता रांजणगावच्या एका कंपनीत नोकरीला लागली होती. तिच्याबरोबर तिची आजी होती, झुंबरबाई, शिरूर तालुक्यातल्या निमोण्याची. ताठ कण्याची, उन्हानं रापलेली म्हातारी. तिचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दर वर्षी दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कळप घाटाखाली न्यायचा आणि पावसाच्या तोंडाला परत आणायचा. पुढे पोरं शेतीला लागली, कळप विकला, आणि साठी ओलांडल्यावर ही बाई गावातल्या वर्गात जाऊन अक्षर शिकली.

आता तिला एक गोष्ट लिहायची होती. मेंढरांची वाट. कुठून निघायचं, कुठं पाणी, कोणत्या रानात कळप बसवायचा, कोणता शेतकरी लेंडीखतासाठी कळप बोलावून घ्यायचा आणि कोणता काठी घेऊन उभा राहायचा. तिच्या बरोबरीनं चाललेला दीर भैरू मागच्या साली गेला. वाट जाणणारी ती एकटी राहिली, आणि मधला एखादा मुक्काम तिला मध्येच आठवेनासा व्हायला लागला होता. म्हणून घाई.

हातानं लिहायला गेली तर पेन तिच्या बोटांत ठरत नव्हतं. फोनवर लिहायला गेली तर काच तिचं बोट ओळखत नव्हती. दोरखंड आणि कातर धरून धरून बोटांची टोकं पार निबर झालेली. नुसतं बोललं तरी फोनच लिहितो, असं स्वप्नालीनं तिला सांगून पाहिलं. त्यावर म्हातारी म्हणाली होती, "बोलायला मी जल्मापासनं बोलतीच हाय. अक्षर उशिरा घावलंय मला. ते माझ्या बोटानं उमटू दे."

म्हणून त्या दोघी दौंडला आल्या होत्या. स्वप्नालीचा पहिला पगार झाला होता आणि त्यातून आजीला फोनला जोडायचा कीबोर्ड घ्यायचा होता.

सुषमाताईंनी मला पदरानं पुसून झुंबरबाईंपुढं ठेवलं. म्हातारीनं नुकताच चहा घेऊन मिश्री लावली होती. बोट पूस, असं नातीनं दोनदा बजावल्यावर तिनं ते लुगड्याला घासल्यासारखं केलं आणि एकेक बटण दाबायला लागली. लोकर पारखताना बाया डोळे मिटतात तसे तिनं डोळे मिटले. मित्रांनो, मला हजारो बोटांनी दाबलं असेल, पण इतक्या सावकाश कोणी विचारपूस केली नव्हती.

"ह्यो निळा ब्येस हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "वाजतोय कसा खणखणीत. आन् ह्यो तिसरा काय, मधीच ठेचकाळतोय. लंगडं मेंढरू जसं."

तोंडानं असं म्हणत होती आणि बोट मात्र पुन्हा पुन्हा तिसऱ्यावर जात होतं. सुषमाताई आणि स्वप्नाली बिलाचं बोलत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं. म्हातारी गप्प बसून तिसरं बटण दाबत होती, सोडत होती, दाबत होती. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण मी पडले लाकडाची पट्टी.

निळ्या खटक्यांचा कीबोर्ड बांधून दिला गेला. सुषमाताईंनी बटणांवर मराठी अक्षरं चिकटवून दिली. त्या दिवसानंतर मला विचारायला कोणीच आलं नाही. एक दिवस कपाट आवरताना सुषमाताईंनी मला न पुसताच खणात टाकलं, जुन्या वायरींच्या गुंत्यात. खणात दिवस कळत नाही. मी आपली बापूसाहेबांची थाप आणि म्हातारीचं बोट आठवत पडून राहायची.

होळीच्या सुमाराला स्वप्नालीचा आवाज कानावर आला. आवाज पडलेला होता. आजीनं पहिला मुक्कामही पुरा लिहिला नाही, ती सांगत होती. कीबोर्डवर घोंगडी झाकून ठेवलीय. विचारलं की म्हणते बोटं दुखतात. शेजारची धुरपदा कुडापलीकडून रोज विचारते, "झुंबरे, म्हातारपणी चटणी कुटती का काय गं?" आधीच उशिरा शिकल्याची लाज, त्यात प्रत्येक अक्षराचा गावभर डंका.

"आन् मॅडम, परवा यवतच्या फुडचा मुक्काम तिला आठवंना," स्वप्नाली म्हणाली. "तासभर ओट्यावर बसली. मग म्हणली, गेला. कोणतरी मेल्यासारखं म्हणली."

दुसरा एखादा खटका दाखवावा म्हणून सुषमाताईंनी खण उघडला आणि वायरींतून मला ओढून काढलं. पुसायला फडकं घेतलं आणि हात थांबला. माझी बटणं पांढरी. बहुतेकांवर मिश्रीचा एकेक पुसट काळा ठिपका होता. निळ्यावरही तेवढाच. पण तिसऱ्यावर ठिपक्यावर ठिपका पडून टिकलीएवढा काळा थर बसला होता.

त्यांनी मला खिडकीपाशी उजेडात धरलं. मग विचारलं, "स्वप्नाली, तुझी आजी बाजारात मेंढरं घ्यायला जायची का गं?"

"जायची की. यवतच्या बाजारात आजा हिलाच फुडं करायचा." एवढं बोलून पोरगी कपाळाला हात लावून खाली बसली.

मित्रांनो, मेंढपाळांची बाजारातली रीत तुम्हाला ठाऊक नसेल. जी मेंढी मनात भरली तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. तिला नावं ठेवायची आणि कौतुक शेजारणीचं करायचं. साऱ्या आयुष्यात एकही वस्तू तिनं याहून वेगळ्या रीतीनं घेतली नव्हती. दुकानातही तिनं तेच केलं, आणि शहाण्या माणसांनी तिच्या तोंडावर विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी दोघी कीबोर्ड घेऊन आल्या. सुषमाताईंनी मला म्हातारीपुढं ठेवलं आणि मिश्रीनं काळ्या झालेल्या तिसऱ्या बटणाकडं नुसतं बोट केलं. झुंबरबाई पदर तोंडाला लावून लहान पोरीसारखी हसली.

"आजी, आमच्याकडं एकच भाव असतो," सुषमाताई म्हणाल्या.

"हाताला लागलेली सवय, बाई. मेंढी आवडल्याचं कळलं की धनी अडून बसतो."

"मग घरी तरी सांगायचंस," स्वप्नाली रागावली. "दोन महिनं गेलं तुझं."

म्हातारीचं हसू ओसरलं. "मनात भरली तर नावं ठिवता येत्यात, पोरी. तू पयल्या पगारात आणलेल्याला कशी ठिवू?"

स्वप्नालीनं तोंड फिरवलं आणि रस्त्याकडं बघत राहिली.

सुषमाताई कामाला बसल्या. त्या कीबोर्डचे खटके चिमट्यानं उपसून बदलता येत होते. एकेक निळा निघाला, त्या जागी तपकिरी बसला. जुन्या कीबोर्डांतून, डबड्यांतून त्यांनी तपकिरी खटके गोळा केले होते. दुपार कलली तेव्हा सगळे बसले आणि एकच जागा उरली. खटका संपला होता.

तिघींनी माझ्याकडं पाहिलं.

"नगं बाई," झुंबरबाई म्हणाली. "त्या बिचारीचा डोळा कशाला काढताय?"

"ती नुसती खणात पडून असते," सुषमाताई म्हणाल्या. खरंच होतं ते. "कोणत्या अक्षराला लावू, ते तेवढं सांगा."

म्हातारीनं विचार केला. "म-ला लावा. मेंढी लिव्हायला पयला तोच लागतो. मुक्कामालाबी."

चिमटा आत गेला. दुधाचा दात पडतो तेव्हा जसं होतं तसं झालं मला. दुखलं थोडं आणि हलकंही वाटलं.

मित्रांनो, त्यानंतर सुषमाताईंनी मला खणात टाकलं नाही. पुन्हा कपाटावर ठेवलं. आणि मे महिन्यात स्वप्नाली एक छापलेला कागद घेऊन आली. सुषमाताईंनी तो मोठ्यानं वाचला, तो असा:

"निमोण्यातून पहाटं निघायचं. पहिला मुक्काम न्हावऱ्याच्या अलीकडं ओढ्याला. दुसरा भीमेच्या काठाला, पाणी उतरलं असंल तरच पलीकडं जायाचं. तिसरा केडगावच्या माळावर. तिथं बाभळीखाली संपत झाला. सकाळी कळप निघाला तवा मीबी चालले. चौथा यवतला. यवतच्या फुडचा मुक्काम मला आठवत न्हाई. जागा सोडली हाय. आठवला तर लिहीन, न्हाईतर ज्याला ठावं असंल त्यानं लिहावा."

खाली खरोखर दोन ओळींची कोरी जागा होती. तिच्या खाली घाट, आणि पुढचे सगळे मुक्काम.

संपत म्हणजे स्वप्नालीचे वडील. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं जन्मगाव निमोणे लिहिलेलं आहे. स्वप्नाली म्हणाली, "मॅडम, केडगावच्या त्या माळावरनं मी कितींदा गेले. आता तिथं ऊस हाय. बाभूळ कवाच न्हाई." मग तिनं कागदावरून हात फिरवला, आजी बटणांवरून फिरवते तसा.

सुषमाताईंनी त्या कागदाची एक प्रत भिंतीला लावली, माझ्या अगदी समोर. मी रोज ती पाहते. मला वाचता येत नाही, पण स्वप्नालीनं म कुठं कुठं आहे ते दाखवलं होतं, ते मी लक्षात ठेवलंय. ज्या पट्टीनं जन्मात अक्षर लिहिलं नाही, तिच्या अंगाचा एक तुकडा आता दर ओळीत लिहितो आहे.

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी काही आणाल तर त्यांना हात लावून बघू द्या. आणि ते "ब्येस हाय" म्हणाले तर लगेच बिल करू नका. त्यांचं बोट कुठं जातंय, ते जरा थांबून पाहा. दुकानात आमच्यासारखं कुणी धूळ खात पडलेलं दिसलं, तर घ्यायचं नसलं तरी एकदा दाबून जा. कोणाचा ठसा कुणाच्या कामी येईल, सांगता येत नाही.

सुषमाताईंकडं आता नवे तपकिरी खटके आले आहेत. त्यातला एक माझ्या तिसऱ्या जागी बसवायला त्या परवा निघाल्या होत्या. मग भिंतीवरच्या त्या दोन कोऱ्या ओळींकडं पाहून त्यांनी चिमटा खाली ठेवला. नवं गिऱ्हाईक विचारतं, इथलं बटण कुठं गेलं?

सुषमाताई सांगतात, "ते निमोण्याला कामावर आहे."